दुसऱ्या ओळीतला नट



सिनेमा सुरू होतो तेव्हा पडद्यावर नावे येतात. सिनेमा संपतो तेव्हाही नावे येतात. आजवर नावे आली, की आपण काय करत होतो? कोणी तंबाखू मळायला घेई. कोणी पाणी प्यायला उठे. बायाबापड्या चुलीवरचे बघून येत. नावे म्हणजे आपल्या लेखी नुसती मुंग्यांची रांग!

आता तसे राहिले नाही. आता आपल्याला अक्षर कळते. मराठी चित्रपटात ही नावे बहुधा आपल्याच अक्षरांत असतात. तेव्हा पुढच्या वेळी जागचे उठू नका. बसून वाचा. एक गंमत ध्यानात येईल. नायकाचे नाव मोठ्या अक्षरात येते. एकटेच येते आणि चांगले थांबते. मग नायिकेचे नाव येते. त्यानंतरची नावे मात्र भराभर पळतात. एका पाटीवर पाच-पाच, सहा-सहा!

ही पळणारी नावे कोणाची? बापाचे काम करणारा, सावकाराचे काम करणारा, फौजदार, शेजारी, नोकर, गुंड, अशांची. त्यांना सहायक नट म्हणतात. आज अशाच एका नटाची माहिती घेऊ. हा नट परमुलखातला नाही. आपल्या बीड जिल्ह्याला लागून असलेल्या नगरचा आहे. त्यांचे नाव सदाशिव अमरापूरकर.

झीलकरी नसेल तर?

आधी सहायक नट म्हणजे काय ते पाहू.

आपल्या गावात पोवाडा झाला, की शाहिराचे नाव होते. पण शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात. शाहिराने ओळ टाकली, की ते ती उचलतात. झीलकरी नसतील तर शाहिराचा दम दोन कडव्यांत संपेल. भजनातही तसेच. बुवा पुढे बसतात. मागे पखवाजी असतो, टाळकरी असतात. टाळ चुकला, की बुवांचा अभंगही डळमळतो.

सिनेमाचेही असेच आहे. नायक शूर आहे, हे आपल्याला कसे कळते? समोर तितकाच जबर दुष्ट माणूस उभा असतो म्हणून कळते. लेक गुणी आहे, हे कसे कळते? तिच्यासाठी झुरणारा बाप दिसतो म्हणून. दुष्ट माणूस मिळमिळीत निघाला, तर नायकाची लढाई मिळमिळीत होते. बापाचे रडणे खोटे वाटले, तर लेकीचे दुःखही खोटे वाटते. गाडीचे चाक आसावर फिरते, पण ते निसटू नये म्हणून बाहेरून एक लहानशी खीळ ठोकलेली असते. गाडी रंगवताना तिला कोणी रंग देत नाही. पण ती निघाली, तर गाडी रस्त्यात बसते!

मी सारा जन्म शाळेत घालवला. स्नेहसंमेलनात नाटक ठरले, की राजा व्हायला वीस पोरे हात वर करत. भालदार व्हायला कोणी तयार नसे. पण भालदार वेळेवर आला नाही, म्हणजे सिंहासनावरचा राजा कसा कावराबावरा होतो, ते मी पुष्कळदा पाहिले आहे.

सिनेमाचे काम कसे चालते?

नाटक आणि सिनेमा यांत मोठा फरक आहे. नाटकात पडदा वर गेला, की गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग चालते. समोर माणसे बसलेली असतात. शेवटच्या ओळीतल्या माणसाला ऐकू जावे, म्हणून नटाला आवाज मोठा लावावा लागतो. हातवारेही मोठे करावे लागतात.

सिनेमाचे तसे नाही. तेथे समोर कॅमेरा असतो. गोष्टीचे तुकडे करतात आणि सोयीप्रमाणे एकेक तुकडा टिपतात. समजा, गोष्टीत एक वाडा सुरुवातीला आहे आणि शेवटीही आहे. मग त्या वाड्यातले सुरुवातीचे आणि शेवटचे काम एकाच दिवशी उरकून घेतात. म्हणजे कापणी आधी आणि पेरणी मागून, असा तो कारभार! सकाळी मरणाचे काम आणि दुपारी लग्नाचे. नटाने कोणत्या वेळी मनात काय होते, ते नीट ध्यानात ठेवायचे. तुकडे मागाहून जोडतात.

दुसरी गोष्ट अशी. कॅमेरा नटाच्या अगदी तोंडाजवळ येतो. पापणी हलली, तरी ती पडद्यावर हातभर मोठी दिसते. तेथे ओरडून चालत नाही. थोडक्यात पुष्कळ दाखवावे लागते.

नायक सिनेमात पहिल्यापासून शेवटपर्यंत असतो. त्याला ओळख करून द्यायला अडीच तास मिळतात. सहायक नटाला कधी दहा मिनिटे मिळतात, तर कधी दोनच. तेवढ्यात हा माणूस कोण, कसा, कोणत्या घरचा, हे सारे दाखवायचे. पैसा नायकापेक्षा पुष्कळ कमी. म्हणून सहायक नट एकाच वर्षात अनेक सिनेमांत काम करतो. आज येथे फौजदार, उद्या तेथे चोर. असे हे कष्टाचे काम आहे.

नगरचा तरुण

सदाशिव अमरापूरकर यांचा जन्म ११ मे १९५० रोजी अहमदनगर येथे झाला. या शहराचे नाव २०२४ साली बदलून अहिल्यानगर झाले. जुनी माणसे अजून नगरच म्हणतात. आपणही येथे नगरच म्हणू.

त्यांचे घरचे नाव गणेश. जवळची माणसे त्यांना तात्या म्हणत. सदाशिव हे नाव त्यांनी नाटकासाठी घेतले. नाटकाची आवड तरुणपणापासूनची. पण आवड लागली म्हणून शिक्षण सोडले नाही, हे ध्यानात घ्या. इतिहास हा विषय घेऊन ते एम. ए. झाले. नाटकात त्यांनी कामे केली आणि दिग्दर्शनही केले. दिग्दर्शन म्हणजे कोणी कोठे उभे राहायचे, कसे बोलायचे, हे बसवून देणे.

सिनेमात ते लहान कामाने आले. '२२ जून १८९७' नावाचा मराठी चित्रपट १९७९ साली निघाला. पुण्यात प्लेगाच्या साथीत रँड नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने लोकांना छळले. चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. त्या घटनेवर हा चित्रपट आहे. त्यात अमरापूरकरांनी लोकमान्य टिळकांचे काम केले. भूमिका लहान होती. पण माणूस केवढा मोठा!

न ओरडणारा दुष्ट

पुढे १९८१-८२ च्या सुमारास 'हँड्स अप' नावाचे मराठी नाटक चालू होते. भक्ती बर्वे आणि अविनाश मसुरेकर यांची त्यात मुख्य कामे होती. अमरापूरकरही त्यात काम करत होते. गोविंद निहलानी नावाच्या दिग्दर्शकांनी त्यांना तेथे हेरले. निहलानी एका हिंदी चित्रपटासाठी माणूस शोधत होते. तो चित्रपट म्हणजे 'अर्धसत्य'. तो १९८३ साली निघाला.

चित्रपट हिंदी, पण त्याचे मूळ मराठी आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या मराठी कथेवरून तो घेतला. पटकथा विजय तेंडुलकर यांनी लिहिली. पटकथा म्हणजे सिनेमासाठी बेतून लिहिलेली गोष्ट.

गोष्ट अशी. अनंत वेलणकर हा मुंबईतला तरुण फौजदार. कामाला सचोटीचा. ओम पुरी यांनी हे काम केले. वेलणकर तीन गुंडांचा माग काढत एका बड्या माणसाच्या दारी येतो. त्या माणसाचे नाव रामा शेट्टी. काळे धंदे करून तो मोठा झालेला आहे. पुढे तो निवडणुकीलाही उभा राहतो. वेलणकर म्हणतो, तुझी माणसे माझ्या ताब्यात दे. रामा शेट्टी काय करतो? तो सुरा काढत नाही. तलवार काढत नाही. तो एक फोन करतो. वरच्या साहेबांचा हुकूम येतो आणि फौजदाराला रिकाम्या हाताने परत फिरावे लागते.

हे रामा शेट्टीचे काम सदाशिव अमरापूरकरांनी केले. त्याआधीचे सिनेमातले दुष्ट लोक कसे असत, ते आठवा. मोठाल्या मिशा, गडगडाटी हसणे, लाल डोळे. अमरापूरकरांचा चेहरा साध्या माणसाचा. बाजारात भेटला, तर आपण त्याला वाट विचारू, असा. आणि तोच माणूस थंडपणे असे काही बोलतो, की बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

यात मोठे शहाणपण आहे बरं का! ज्याच्या हाती खरी सत्ता आहे, त्याला ओरडावे लागत नाही. गावातही बघा. आरडाओरडा करणाऱ्याला कोणी फारसे भीत नाही. ओसरीवर बसून, सुपारी कातरत, हळू आवाजात बोलणारा सावकार सगळ्यांना भारी पडतो. अमरापूरकरांनी ही गोष्ट नेमकी ओळखली होती.

चित्रपटाच्या शेवटी वेलणकर स्वतःच मोठ्या संकटात सापडतो. त्याच्या मारहाणीत कोठडीतला एक माणूस मरतो. तेव्हा त्याच रामा शेट्टीकडे मदत मागायला जाण्याची पाळी त्याच्यावर येते. पुढे काय होते, ते मी सांगत नाही. तुम्हीच बघा.

'फिल्मफेअर' नावाचे सिनेमाचे इंग्रजी नियतकालिक आहे. ते १९५४ पासून सिनेमावाल्यांना बक्षिसे देते. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९५५ साली, त्यांनी सहायक नटासाठी वेगळे बक्षीस सुरू केले. ते पहिले बक्षीस 'बूट पॉलिश' चित्रपटातल्या कामासाठी डेव्हिड या नटाला मिळाले. झीलकऱ्याचाही फेटा बांधून सत्कार करावा, तसे हे झाले. 'अर्धसत्य'मधल्या कामासाठी १९८४ साली हे बक्षीस सदाशिव अमरापूरकरांना मिळाले. नगरच्या माणसाचे नाव देशभर झाले.

एकदा शिक्का बसला, की बसला

नाव झाले. पण त्याबरोबर एक अडचणही आली. अडचण अशी, की सिनेमावाले म्हणू लागले, 'दुष्ट माणसाचे काम ना? मग अमरापूरकरांना बोलवा!' १९८६ साली 'आखरी रास्ता' आला. १९८७ साली 'हुकूमत' आला. अमिताभ बच्चन असोत की धर्मेंद्र, त्यांच्यासमोर दुष्ट म्हणून अमरापूरकर उभे राहिले.

सहायक नटाच्या जिण्यातली ही खरी गोम आहे. नायकाने एकदा डॉक्टरचे काम केले म्हणून त्याला कोणी जन्मभर डॉक्टरच करा, असे म्हणत नाही. पण सहायक नटाने एखादे काम चांगले केले, की तेच काम त्याच्या गळ्यात बांधतात. बैल नांगराला चांगला चालला, म्हणून त्याला मोटेला, गाडीला लावूनच बघायचे नाही, असा हा प्रकार. अशा वेळी नटाने काय करावे? काम नाकारावे, तर घर कसे चालणार? घ्यावे, तर तेच तेच किती दिवस करणार?

अमरापूरकरांनी काम घेतले, पण त्यातच दर वेळी काही वेगळे करून दाखवले. 'सडक' हा चित्रपट १९९१ साली आला. त्यात त्यांनी 'महाराणी' नावाचे काम केले. कोवळ्या मुलींना वाईट धंद्याला लावणारा तृतीयपंथी, असे ते सोंग होते. असे काम घ्यायला पुष्कळ नट कचरले असते. लोक हसतील, अशी भीती असते. अमरापूरकर कचरले नाहीत. लोक हसले नाहीत, घाबरले. फिल्मफेअरने त्या वेळी खलनायकाच्या कामासाठी नवे बक्षीस सुरू केले होते. ते पहिलेच बक्षीस १९९२ साली अमरापूरकरांना या कामासाठी मिळाले.

येथे एक इशारा देतो. तो सिनेमा पाहून कोणी तृतीयपंथी लोकांना दुष्ट समजू नये. ती गोष्ट एका सोंगाची आहे. तृतीयपंथी माणसेही आपल्यासारखीच माणसे आहेत आणि त्यांनी फार सोसलेले आहे.

पुढे अमरापूरकरांनी आपल्यावर बसलेला शिक्का थोडा पुसलाही. १९९३ च्या 'आँखें' चित्रपटात त्यांनी लोकांना हसवले. १९९५ च्या 'कुली नंबर १' मध्ये ते लग्न जुळवणारे मध्यस्थ झाले. काल ज्यांना पाहून पोरे आईच्या पदराआड लपत होती, त्यांना पाहून तीच पोरे आता पोट धरून हसू लागली. माणूस एकच. आवाज एकच. म्हणजे जे बदलले, ते नटाच्या कसबामुळे.

मराठीशी असलेले नातेही त्यांनी तोडले नाही. १९९५ साली 'दोघी' आणि २००२ साली 'वास्तुपुरुष' हे मराठी चित्रपट निघाले. दोन्ही सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी केलेले. त्यांत मारामाऱ्या नाहीत. घरातली दुःखे आहेत. त्या दोन्हींत अमरापूरकरांची कामे आहेत.

तोच चेहरा, पण महात्म्याचा

आता टीव्हीवरच्या एका कामाची गोष्ट सांगतो. ती तुमच्या-माझ्या जिव्हाळ्याची आहे.

१९८८ साली दूरदर्शनवर 'भारत एक खोज' नावाची मालिका लागली. श्याम बेनेगल तिचे दिग्दर्शक. तिचे ५३ भाग होते. आपल्या देशाचा जुन्या काळापासूनचा इतिहास त्यात दाखवला होता. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या इंग्रजी ग्रंथावरून ती मालिका बेतली होती.

हा ग्रंथ नेहरूंनी कोठे लिहिला, ठाऊक आहे? नगरच्या किल्ल्यात! १९४२ च्या 'चले जाव' चळवळीत इंग्रज सरकारने नेहरूंना आणि इतर पुढाऱ्यांना पकडून नगरच्या किल्ल्यात ठेवले. तेथे कैदेत असताना, १९४४ साली, नेहरूंनी तो ग्रंथ लिहिला. आणि त्या ग्रंथावरच्या मालिकेत नगरच्याच एका नटाला मोठे काम मिळाले. कोणाचे काम? महात्मा जोतीराव फुले यांचे!

विचार करा. अवघ्या पाच वर्षांपूर्वी लोकांनी हा चेहरा रामा शेट्टी म्हणून पाहिला होता. त्याला शिव्याशाप दिले होते. आता तोच चेहरा घरातल्या लहान पडद्यावर आला आणि शूद्रांना, अतिशूद्रांना, बायकांना शिकवा, असे सांगू लागला. जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. त्यासाठी त्यांना घर सोडावे लागले. सावित्रीबाईंनी अंगावर शेण आणि दगड झेलले. विद्या नाही म्हणून शेतकरी कसा नागवला जातो, ते जोतीरावांनी आपल्या पुस्तकांतून सांगितले. आज आपण सावकाराचा कागद वाचून मग अंगठा न लावता सही करतो, त्यामागे या दोघांचे कष्ट आहेत.

असे काम करणाऱ्या नटावर केवढी जबाबदारी येते! रामा शेट्टीचे काम चुकले, तर एक सिनेमा पडतो. महात्म्याचे काम चुकले, तर लोकांच्या मनातली मूर्ती बिघडते. अमरापूरकरांनी आधी टिळक केले होते, आता फुले केले. इतिहास शिकलेला माणूस. ते शिक्षण वाया गेले नाही, असेच म्हणावे लागेल.

सोंग आणि माणूस

भारुडात आपण सोंगे पाहतो. एखादा वासुदेव होतो, एखादा जोशी होतो. पहाटे सोंग उतरते आणि तो गडी वैरण टाकायला गोठ्यात जातो. त्याला कोणी 'जोशीबुवा, माझा हात बघा' म्हणत नाही. मग सिनेमातल्या दुष्ट माणसाला आपण खरोखरचा दुष्ट का समजतो? मराठी चित्रपटात निळू फुले पाटलाचे, पुढाऱ्याचे काम इतके हुबेहूब करत, की खेड्यापाड्यांतल्या बाया त्यांना पाहून खरोखर दचकत. प्रत्यक्षात ते सेवा दलात वाढलेले, साधे राहणारे, समाजाच्या कामाला वाहून घेतलेले गृहस्थ होते.

अमरापूरकरांचेही तेच. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात ते होते. 'सामाजिक कृतज्ञता निधी' हे काम म्हणजे समाजासाठी खपणाऱ्या कार्यकर्त्यांना मदत म्हणून पैसा उभा करणे. त्यातही ते होते.

आणि एक गोष्ट तर आपल्याशी थेट जोडलेली आहे. २०१२ साली पाऊस फार कमी झाला. २०१३ चा उन्हाळा आठवा. आपल्या मराठवाड्यात विहिरींनी तळ गाठला. जनावरे चारा छावणीत नेऊन बांधावी लागली. टँकर आला, की घागरींची रांग लागे आणि भांडणे होत.

त्याच वर्षी मार्च महिन्यात होळीचा सण आला. मुंबईत अमरापूरकर राहत होते तेथे काही मंडळींनी पाण्याचा खोटा पाऊस पाडून त्याखाली नाच चालवला होता. अमरापूरकर तेव्हा ६२ वर्षांचे होते. ते पुढे गेले. राज्यात दुष्काळ आहे, माणसांना प्यायला पाणी नाही, हे पाणी असे वाया घालवू नका, असे त्यांनी सांगितले. वाद वाढला. त्यांना मारहाण झाली. दवाखान्यात न्यावे लागले.

सिनेमात शेवटी नायक येतो आणि खलनायकाला मारतो. लोक टाळ्या वाजवतात. येथे उलटे झाले. पडद्यावरचा खलनायक आपल्या पाण्यासाठी एकटा उभा राहिला आणि त्याने मार खाल्ला. तेथे कॅमेरा नव्हता. टाळ्या नव्हत्या. पण मला विचाराल, तर त्यांनी आयुष्यात केलेले सर्वांत मोठे काम तेच.

लहान काम म्हणजे हलके काम नव्हे

भारतातला पहिला मोठा चित्रपट, दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांना दाखवला गेला. त्याला शंभर वर्षे झाली, म्हणून २०१३ साली 'बॉम्बे टॉकीज' नावाचा हिंदी चित्रपट निघाला. त्यात चार लहान गोष्टी आहेत. एक गोष्ट दिबाकर बॅनर्जी यांनी केली आहे. सत्यजित राय यांच्या बंगाली कथेवरून ती घेतली आहे.

गोष्ट अशी. मुंबईच्या चाळीत राहणारा एक मराठी माणूस. नाटकाचे वेड असलेला, पण धंद्यात अपयशी. घरी आजारी मुलगी. एक दिवस त्याला अचानक सिनेमात काम मिळते. काम काय? रस्त्याने चालत यायचे, नायकाला धक्का लागायचा आणि निघून जायचे. एवढेच! माणूस हिरमुसतो. असले काम करायचे तरी कशाला? तेव्हा एक जुना, वारलेला नाटकवाला त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो आणि त्याला फैलावर घेतो. मग तो माणूस त्या एका धक्क्याचा मन लावून सराव करतो. काम जीव ओतून करतो. पैशांसाठीही थांबत नाही. घरी जाऊन लेकीला सारे करून दाखवतो.

त्या जुन्या नाटकवाल्याचे काम अमरापूरकरांनी केले. लहान काम मन लावून कसे करावे, हे सांगायला त्यांच्याइतका योग्य माणूस कोण होता?

३ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय ६४ वर्षांचे होते. सारा जन्म मुंबईच्या पडद्यावर गेला, पण अंत्यसंस्कार नगरला, जन्मगावी झाले.

आता हे करून पहा

टीव्हीवर किंवा मोबाइलवर पुढचा चित्रपट पाहाल, तेव्हा तीन गोष्टी करा.

एक, पळणारी नावे वाचा. पहिल्या दिवशी एकच नाव वाचून होईल. हरकत नाही. दुसऱ्या दिवशी दोन होतील.

दोन, एखाद्या लहान कामाकडे नीट बघा आणि स्वतःला विचारा, हा माणूस गोष्टीतून काढला, तर काय बिघडेल?

तीन, सोंगाचा राग माणसावर काढू नका. आणि सोंगाला भुलून माणसाला देवही करू नका. नायकालाही हा नियम लागू आहे.

शेवटी एक धडा लिहायला देतो. आपल्या गावच्या भजनी मंडळातल्या बुवांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. ते लिहू नका. टाळकऱ्यांची नावे लिहा. पखवाजी कोण, ते लिहा. सतरंजी अंथरणारा आणि शेवटी ती झटकून घडी घालणारा कोण, त्याचेही नाव लिहा. पूर्ण नाव लिहा. अक्षर मोठे आणि ठळक काढा.